एका दुपारचे एकतीस दाखले

मित्रांनो, मी एक जुनी नंबर मारायची मशीन आहे आणि मी डूख धरून आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गरीब स्वभावाच्या असतात. फाटकी छत्री काय, मोडकी खुर्ची काय, झालं गेलं विसरून सगळ्यांना आशीर्वाद देऊन मोकळ्या होतात. मी विसरत नाही. विसरले असते तर माझा धंदाच चालला नसता.

लोखंडी मूठ, पितळी सांगाडा आणि पोटात सहा दातेरी चाकं, असा माझा जन्म झाला. मूठ दाबली की कागदावर आकडा उमटतो आणि चाक आपोआप एक घर पुढे सरकतं. बाजूला एक खटका आहे. तो लावला की तोच आकडा दोनदा उमटतो, मग पुढे जातो. शाळेनं मला त्या खटक्यासाठीच विकत घेतलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यांचं एक पुस्तक असतं. त्यातल्या प्रत्येक पानाचा अर्धा भाग मुलाला फाडून देतात आणि अर्धा पुस्तकात राहतो. दोन्हींवर एकच नंबर लागतो. तो मी मारायची.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. कारकूनकाका दर शनिवारी मला थेंबभर तेल घालायचे आणि जुन्या बनियनच्या चिंधीनं पुसायचे. कुणाच्या वडिलांची बदली झालेली असे, कुणी मामाकडे शिकायला निघालेलं असे. अशी मुलं दाखला न्यायला आली की, "काका, एकदा मी दाबू?" म्हणायची. काका दाबू द्यायचे. मला ते आवडायचं.

मग नव्या मुख्याध्यापिका आल्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. बाई हुशार, कामाला वाघ, हे मी नाकारत नाही. पण त्यांचा एका ढालीवर डोळा होता. ज्या शाळेतून वर्षभरात एकही मूल गळालं नाही, त्या शाळेला ती मिळायची. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: गळती शून्य.

आता नीट लक्ष द्या. मूल शाळेत यायचं थांबलं आणि घरी बसलं, तर ती गळती. मग नियम असा की, आठ दिवसांत शाळेतल्या कुणीतरी त्याच्या दारात जायचं, काय अडलंय ते विचारायचं आणि त्याला परत आणायचं. पण मूल दुसऱ्या शाळेत गेलं असेल, तर ती गळती नव्हे, ती बदली. त्याच्या दारात कुणीच जात नाही. कशाला जाईल? ते तिकडे शिकतंय, असं सगळे धरून चालतात.

मार्चअखेरीच्या एका दुपारी मोठ्या बाईंनी कारकूनकाकांपुढे एकतीस नावांची यादी टाकली.

"ही सगळी बदलीत घाला."

"बाई, यांतलं कुणीच दाखला मागायला आलेलं नाही. ही पोरं घरी बसलीत."

"नसतील आली. आपण तयार ठेवले तर काय बिघडलं? आणि तारखा मागच्या घाला, वर्षभरात पसरून. सगळी एकाच दिवशी कशी जातील?"

"पण बाई..."

"काका, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत ना तुमच्या? मग कशाला उगाच वाकड्यात शिरता?"

काकांनी मान खाली घातली आणि माझी मूठ दाबली. तीनशे दहापासून तीनशे चाळीसपर्यंत एकतीस मुलं, प्रत्येकाचे दोन, असे बासष्ट ठोके. मला नाही म्हणता आलं नाही. ते आकडे माझेच होते, शाई माझीच होती. त्याचा राग मला बाईंवर आहे आणि स्वतःवरही आहे. शेवटचा ठोका पडला तेव्हा बाईंचा हात लागून कपातला उरलेला चहा माझ्या अंगावर सांडला. बाईंनी घाईघाईनं कागद पुसले. मला कुणी पुसलं नाही. काकांनी तर माझ्याकडे बघितलंही नाही, उचलून खिडकीत टाकून दिलं. आठवड्याभरात ढाल आली. फोटो निघाले, हार पडले आणि ती नेमकी माझ्या समोरच्या भिंतीवर टांगली गेली.

एप्रिलमध्ये टाचणी आली. ती काटकुळी होती म्हणून वर्गात तिला हे नाव पडलं होतं. सोबत तिची आत्या होती. आत्याचं इस्त्रीचं दुकान. डिसेंबरात वाफेनं तिचे दोन्ही हात पोळले आणि तेव्हापासून टाचणीनं दुकान ओढलं, आत्याला भरवलं, तिची वेणीसुद्धा घातली. आता हात बरे झाले होते. सातवीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. ती हुकली तर वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं तर पोर इस्त्रीच्या टेबलालाच चिकटणार, हे आत्या पुरतं ओळखून होती.

"हिचं नाव आता इथे नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "ही जानेवारीतच दुसऱ्या शाळेत गेली."

"कोण गेली?" आत्या म्हणाली. "चार महिने माझ्या डोळ्यांपुढे कपड्यांच्या घड्या घालतेय ही!"

"कागदावर तसं आहे. काका, यांचा दाखला फाडून द्या. परीक्षेचं तिकडेच बघा म्हणावं."

"बाई, मी घरीच होते," टाचणी म्हणाली. "कुणी बोलवायला आलं असतं ना, तर आले असते."

यावर बाईंनी घड्याळ बघितलं. त्या घड्याळ बघण्याचा वचपा काढायचा, हे मी तिथेच ठरवलं.

काकांनी दाखला फाडला. आत्यानं तो वाचला, पुन्हा वाचला आणि पुस्तक आपल्याकडे ओढून पानं मागे उलटली.

"तीनशे नऊ नंबर, तारीख वीस मार्च. आमच्या पोरीचा तीनशे सत्तावीस, तारीख सात जानेवारी. माझ्या दुकानात प्रत्येक गठ्ठ्याला नंबराची चिठ्ठी लागते, बाई. आधी आलेल्याला आधीचा नंबर. जानेवारीतली पोर मार्चमधल्याच्या मागे कशी गेली?"

बाई काहीतरी बोलणार, तोवर आत्या दाखला घेऊन जिना उतरलीसुद्धा. ती थेट तपासणी अधिकाऱ्याच्या कचेरीत गेली. उद्या सकाळी येतो, असा अधिकाऱ्याचा निरोप संध्याकाळपर्यंत शाळेत पोचला.

मोठ्या बाईंनी कोरं पुस्तक काढलं. वर्षभरातले खरे नऊ आणि हे एकतीस, असे चाळीसही दाखले तारखेप्रमाणे लावून नव्यानं करायचे आणि आत्याच्या हातातला दाखलाच खोटा म्हणायचा, असा त्यांचा बेत होता. पण त्यासाठी मला तीनशे एक्केचाळीसवरून तीनशे एकवर, वर्षाच्या पहिल्या नंबरावर, आणायला हवं होतं.

"काका, हिला मागे घ्या."

"तुम्हीच घ्या, बाई. मी आता हात लावणार नाही."

एवढं बोलून काका दाराशी जाऊन उभे राहिले. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला असं उत्तर दिलं नसेल.

मित्रांनो, माझे आकडे मागे फिरवता येतात. टोकदार काहीतरी घेऊन चाक ढकलायचं, दोन मिनिटांचं काम. बाईंनी केसातली पिन काढली. पण माझ्या दशकाच्या चाकात त्यांचाच चहा सुकून घट्ट बसला होता, वर गंजही चढला होता. बाईंनी टोचलं, दाबलं, मला टेबलावर आपटलं. मी जाम हलले नाही. बाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मला तो बघवत होता, अगदी पोटभर बघवत होता. शेवटी पिन मोडली आणि अर्धी माझ्या चाकांत राहिली.

सकाळी अधिकाऱ्यानं ती चिमट्यानं बाहेर काढली. "हे काय?" त्यानं विचारलं. काकांनी सगळं सांगून टाकलं, स्वतःचा हातही लपवला नाही. अधिकाऱ्यानं ढाल स्वतः उतरवली. टाचणीचा दाखला रद्द झाला आणि ती दुसऱ्याच दिवशी आपल्या बाकावर जाऊन बसली. मग हुकूम निघाला: आठ दिवसांत मोठ्या बाईंनी स्वतः एकतिसावं दार होईपर्यंत घरोघर जायचं आणि शाळा का सुटली, ते प्रत्येक नावापुढे हातानं लिहायचं.

ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. रोज संध्याकाळी बाई धुळीनं भरलेल्या चपला घेऊन यायच्या आणि माझ्या खिडकीशी बसून लिहायच्या. 'धाकट्या भावाला सांभाळते.' 'बूट नाहीत.' 'वाचता येत नाही म्हणून वर्गात हसतात.' पहिल्या दिवशी बाई भरभर लिहीत होत्या. पुढे पुढे एकेका ओळीवर बराच वेळ थांबू लागल्या. टाचणी धरून बारा मुलं परत आली. बाकीच्यांपुढे लिहिलेलं होतं: 'कामाला लागला.' 'घर बंद. शेजाऱ्यांना माहीत नाही.'

सूड घेऊन समाधान झालं का? झालं. मी खोटं बोलणार नाही. पण त्या बंद घरांपुढे माझा सूड काही कामाचा नव्हता. मुलं तिथे होती, तेव्हा कुणी गेलंच नाही.

म्हणून मित्रांनो, मला तेल घाला, जपून ठेवा, असं काही मी सांगणार नाही. तुमच्या शेजारचं मूल चार दिवस दिसलं नाही, तर ते कुठे आहे, असं विचारा. 'दुसऱ्या शाळेत गेलं,' असं उत्तर मिळालं, तर 'कोणत्या?' असं विचारा. सांगणारा अडखळला, तर उत्तराची वाट बघत थांबू नका. त्याच दिवशी त्या मुलाच्या घरी जा.