डावीकडची जागा

आप्पासाहेबांनी लायसनचं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, फोटोवरून अंगठा फिरवला आणि ते गिदोनला परत दिलं.

"लायसन हाय. पन गाडी कुटं चालवली?"

"नगरला, गॅरेजात. कानिफनाथ मिस्त्रींकडं. दुरुस्त झालेली गाडी सोलापूर रस्त्यानं फिरवून आणायचं काम माझंच होतं."

"मोकळी?"

"मोकळी."

"मोकळी गाडी कुनीबी चालवतं."

गेल्या तीन महिन्यांत राहुरी, श्रीगोंदा, नगरचं मार्केट असं फिरताना हे त्याने निरनिराळ्या लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. भरलेली गाडी चालवल्याशिवाय कोणी गाडी देत नव्हतं, आणि गाडी मिळाल्याशिवाय भरलेली चालवायची कशी, हे कोणी सांगत नव्हतं. त्याचे वडील, आमोस मास्तर, मिशनच्या शाळेत शिकवायचे. पोराच्या हाताला लागलेलं ग्रीस त्यांना कधीच आवडलं नव्हतं. जूनमध्ये शाळेत शिपायाची जागा रिकामी होणार होती. तोवर ट्रक मिळाला नाही तर ती धरीन, असं गिदोनने त्यांना कबूल केलं होतं. आणि त्र्याहत्तर सालचा एप्रिल अर्धा सरला होता.

आप्पासाहेब ओट्यावर बसून समोरच्या छावणीकडे पाहत राहिले. पाऊस नसल्याचं दुसरं वर्ष. काष्टीच्या आसपासची सातशे जनावरं तिथे दावणीला उभी होती. त्यांना गवत यायचं ते थेट राजूरहून, अकोले तालुक्याच्या डोंगरातून, आणि ते आणायचं काम आप्पासाहेबांच्या एकुलत्या एका ट्रककडे होतं.

"उद्या सहादेवसंगं राजूरला जा," ते शेवटी म्हणाले. "येताना गाडी भरलेली आसंल. त्यो म्हनला पोरगं चालंल, तर बघू."

गिदोन पायऱ्या उतरला तसे ते मागोमाग खाली आले. त्यांनी आवाज उतरवला.

"आनि एक. सहादेव ईस वरसं माझ्या गाडीवर हाय. पन गेल्या म्हैन्यात त्यानं पाटाच्या पुलाचा कठडा घासला. इच्यारलं तर म्हनतो, बैल आडवा आला. तू शेजारी बसनार हायस. त्याला दिसतंय का, बघ जरा. काय आसंल ते मला येऊन सांग."

गिदोनने मान हलवली. एस.टी.च्या थांब्याकडे चालताना त्याच्या ध्यानात आलं, की सहादेवने आपल्याला चालतंय म्हणावं आणि आपण सहादेवला चालत नाही म्हणावं, अशी ही नोकरी होती.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या सुमारास गाडी निघाली. सहादेव पन्नाशी ओलांडलेला, आडव्या हाडाचा माणूस होता. पटक्याचं टोक त्याने कानामागे खोचलं होतं. निघताना त्याने दोनच प्रश्न विचारले.

"कुनाचा रं तू?"

"आमोस मास्तरांचा. नगरचा."

"किरिस्ताव?"

"हो."

"बस."

गिदोन डावीकडे बसला आणि थोड्याच वेळात आपण कशासाठी बसलो आहोत ते विसरला. असं गाडी चालवणं त्याने पाहिलं नव्हतं. गियर कधी पडला ते कळत नव्हतं. वळण दिसायच्या आधीच सहादेवचा पाय ॲक्सिलेटरवरून उठलेला असायचा. "आता लिंब यील, मग उतार," तो स्वतःशीच पुटपुटायचा, आणि लिंब यायचा, मग उतार यायचा. पुलावरून जाताना तो किंचित मान कलती करून चाकांचा आवाज ऐकायचा. मनातल्या मनात गिदोनने आप्पासाहेबांना सांगूनही टाकलं, या माणसाला काही झालेलं नाही.

राहुरी मागे पडली तेव्हा ऊन चढलं होतं. रस्ता सरळ होता. दूरवर रस्त्याच्या मधोमध चुन्याने रंगवलेले दगड मांडलेले गिदोनला दिसले. त्यांच्या पुढे रस्ता खणला होता. दुष्काळी काम चालू होतं. डाव्या अंगाने शेतातून गाड्यांसाठी कच्ची वाट काढली होती, आणि खणलेल्या भागात पन्नासएक बाया खडी फोडत बसल्या होत्या. सहादेव आता पाय उचलेल, असं वाटून गिदोन वाट पाहत राहिला. सहादेवने पाय उचलला नाही. एका हाताने पटका सारखा करत तो म्हणाला, "म्होरं चिंच हाय. तितं च्या पिऊ."

"वस्ताद," गिदोन म्हणाला, "डावीकडनं घ्या."

सहादेवने काही विचारलं नाही. त्याने लगेच हातातलं चाक डावीकडे मारलं, ब्रेक दाबला, गाडी दगडांना घासून शेतात उतरली आणि धुळीच्या लोटात हेलकावत थांबली. धूळ बसली तेव्हा कडेला एक बाई हातोडी टाकून उभी राहिलेली दिसली. पाटी कलती करून तिच्या सावलीत तिने मूल निजवलं होतं. मूल आणि ट्रकचं पुढचं चाक यांच्यात चार हातांचं अंतर होतं. बाई ओरडली नाही. तिने मूल उचललं, काखेला मारलं आणि ट्रककडे पाठ करून चालू लागली.

कच्ची वाट संपवून गाडी पुन्हा डांबरावर आली तेव्हा सहादेवने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला, बॉनेटला हात लावत पुढून फिरून डाव्या दाराशी आला.

"सरक तिकडं," तो म्हणाला.

संगमनेरपर्यंत गाडी गिदोनने चालवली. प्रवरेच्या पुलाच्या अलीकडे सहादेवने विचारलं,

"कवा कळलं?"

"आत्ताच. त्या दगडांपाशी."

"मोतीबिंदू हाय. मला समदं धुरातल्यावानी दिसतं, पन रस्ता पाठ हाय रं. झाडन् झाड. ह्या दुस्काळानं घोळ केला. रस्तं रोज बदलत्यात."

राजूरला गवत भरायला दुपार उलटून गेली. डोंगरातली माणसं पेंढ्या वर फेकत होती, सहादेव त्या रचायला सांगत होता. आता मात्र त्याला तोंड फुटलं होतं. "कडंला दाब, मदी पोकळ ठिवू नगं. वरचा थर आत घे, न्हाईतर वाऱ्याला गाडी पटका उडाल्यावानी हलंल." दोर आवळताना त्याने गिदोनचा हात दोरावर ठेवून घेतला आणि किती ताण हवा ते दाखवलं. गाडी दोन गाड्यांइतकी उंच झाली. रात्री दोघं बाजारतळावर झोपले, आणि सकाळी गिदोनने जन्मात पहिल्यांदा भरलेली गाडी रस्त्यावर घेतली.

ती वेगळीच गाडी होती. काल ऐकायची, आज ऐकेना. पहिल्याच वळणावर वरचं गवत एकीकडे झुकलं आणि गिदोनचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नगं," शेजारून आवाज आला. "गियर उतर. आजून एक. आता सोड तिला, तिची ती येती."

घाटभर सहादेव डोळे मिटून बसला होता. इंजिनाचा सूर चढला-उतरला की त्याचं बोट मांडीवर हलायचं, आणि ते बोट हलायच्या आत गियर पडला पाहिजे, हे गिदोनच्या ध्यानात आलं. घाट उतरून सपाटीला लागल्यावर त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. सहादेवने चंची काढली, पान लावलं आणि न मागता अर्धं त्याच्या हातावर ठेवलं.

नगरमधून जाताना मिशनच्या शाळेची भिंत उजव्या हाताला आली. सुट्टी झाली असावी, पोरं बाहेर पडत होती. गिदोनला वडील दिसले नाहीत. त्याने हॉर्नही वाजवला नाही.

काष्टी दोन मैल राहिली तेव्हा सहादेव म्हणाला, "हितं थांबीव."

गिदोनने गाडी कडेला घेतली.

"आता मी नेतो. दोनच मैल हायत."

गिदोनने इंजिन चालूच ठेवलं.

"गावानं मला ह्या अंगाला बसलेलं कदी बघितलं न्हाई. आज एक डाव नेतो. मग आप्पासाबाला काय सांगायचं ते मी सांगतो. तुझं बी चांगलंच सांगीन." त्याने दाराची कडी काढली होती. "उतर."

समोरचा रस्ता दिसत होता. गवताची गाडी यायची वेळ झाली, की छावणीतली माणसं जनावरं घेऊन रस्त्यापर्यंत यायची, हे गिदोनने परवा पाहिलं होतं. आताही लांबवर काहीतरी हलत होतं. गुरं होती, की माणसं, की दोन्ही. सहादेवला ते दिसत नव्हतं. गिदोनच्या डोळ्यांपुढे जून आला, शाळेची घंटा आली. या माणसाच्या एका शब्दावर सगळं होतं. त्याने काल आणि आज जे शिकवलं, ते गॅरेजात दोन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

"न्हाई, वस्ताद," तो म्हणाला.

"काय?"

"मी देणार न्हाई गाडी."

सहादेवची मान आवाजाच्या रोखाने वळली. चेहरा तांबडा झाला होता. "ही गाडी आली तवा तू आईच्या मांडीवर हुतास."

"व्हय."

"आनि तू मला न्हाई म्हनतोस."

गिदोनचे हात चाकावर होते. ते त्याने काढले नाहीत. मग सहादेवने दार ओढून घेतलं. गिदोनने गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली.

छावणीपाशी माणसं बाजूला होत गेली. डाव्या खिडकीतला सहादेव पाहून काहीजण एकमेकांकडे बघत होते. एक गाय आडवी आली, गिदोनने गाडी उभी केली, गाय जाऊ दिली. आप्पासाहेब छत्री घेऊन उभेच होते. दोघं उतरले. पेंढ्या उतरवायला गडी वर चढले.

"काय सहादेव? कसं हाय पोरगं?"

सहादेवने पटका सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

"गियर टाकताना घाई करतंय. उतारावर भितंय. ते जाईल हळूहळू." त्याने पटक्याचं टोक कानामागे खोचलं. "गावाच्या शिवंला मी गाडी मागितली हुती त्याला. दिली न्हाई त्यानं. ठिवून घ्या."

"दिली न्हाई म्हंजे?"

"मला दिसत न्हाई, आप्पासाब. सा म्हैनं झालं."

वरून पेंढ्या फेकणाऱ्या गड्यांपैकी एकाचा हात थांबला. आप्पासाहेबांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली. ते गिदोनकडे वळले.

"आनि तू? तुला मी सांगितलं हुतं."

"वस्तादांनी सांगितलंच की," गिदोन म्हणाला.

"ईस वरसं माझ्याकडं हायस," आप्पासाहेब सहादेवला म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता आणि राग नव्हताही. "मला सांगावं वाटलं न्हाई?"

"तुमी मला डोळ्यांचं इच्यारलं न्हाई," सहादेव शांतपणे म्हणाला. "शेजारी बसनाऱ्याला इच्यारलं."

आप्पासाहेब उतरणाऱ्या गवताकडे पाहत राहिले. मग कोणाकडेच न बघता म्हणाले, "परवा पुन्ना राजूर. ह्या म्हैन्यापुरतं दोगंबी जावा. फुडचं फुडं बघू."

सहादेवचं घर छावणीपासून लांब नव्हतं. गिदोन त्याच्यासोबत चालत निघाला. सोबतीला, असं कोणी म्हटलं नाही. रस्त्यात खड्डा आला की गिदोन जरा जवळून चालायचा, एवढंच. अंगणात सहादेवची बायको रंगुबाई शेणी गोळा करत होती. नवरा पायी आला आणि बरोबर कोणी अनोळखी आहे, हे पाहून ती उभी राहिली.

"ह्यो गिदोन," सहादेव म्हणाला. "आपल्या गाडीचा डायवर."

रंगुबाईने हातातल्या शेणी हळूच खाली ठेवल्या.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

ती उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाशी धरून तिने दोन-तीनदा मोठा श्वास घेतला. मग उठली आणि हात धुवायला गेली. गिदोन अंगणातच पाण्याच्या डोणीशी टेकला होता. परतताना ती म्हणाली, "भायेर का बसला त्यो? आत घ्या त्याला. धूळ उडतीया."

"किरिस्तावाचा हाय," सहादेव हळू आवाजात म्हणाला.

"बरं मग?" ती म्हणाली. "भुका न्हाईत व्हय त्यांना?"

भाकरी आणि हुलग्याचं माडगं होतं. सहादेव खाली मान घालून जेवत होता. रंगुबाई चुलीपुढून गिदोनकडे पाहत होती, त्याच्या हातांकडे, मनगटांकडे. किती वर्षांचा आहेस, आई काय करते, असलं काही तिने विचारलं नाही.

"गाडीवर भ्या वाटतं का रं तुला?" ती म्हणाली.

गिदोनने सहादेवकडे पाहिलं. सहादेवने घास हातातच ठेवला होता.

"वाटतं," गिदोन म्हणाला.

"वाटू दे," रंगुबाई म्हणाली, आणि तिने तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकली.