पितळी तारेची कमान

मी एक जुना सांगाडा आहे. संपूर्ण माणसाचा नव्हे, फक्त एका डाव्या पावलाचा आणि घोट्याचा. मी पूर्वी कोणाच्या देहाचा भाग होतो, हे मला सांगता येणार नाही. स्मृती मेंदूत राहते, पावलात नाही. म्हणून, मित्रांनो, मी माझ्या दुसऱ्या आयुष्याविषयीच बोलेन. ते एकोणीसशे बत्तीसच्या सुमारास नाशकात सुरू झाले.

डॉक्टर इब्राहिम यांनी माझी सुटी हाडे मुंबईहून पेटीत भरून आणली. पावलाची सव्वीस, शिवाय नडगीच्या दोन हाडांची खालची टोके. ती ओवायला त्यांनी आपल्या गल्लीतील इसाक कल्हईवाल्याला बोलावले. इसाकचा हात सफाईदार होता, पण नजर नदीवरच्या पुलांवर पोसलेली. त्याने माझ्या आतल्या बाजूची कमान असायला हवी होती त्यापेक्षा बरीच उंच बांधली.

"जरा जास्तच उचललीस," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, कमान म्हटली की खालून पाणी जायला नको का?" इसाक म्हणाला.

डॉक्टर हसले आणि त्यांनी ती तशीच राहू दिली. मी देखणा दिसत होतो, हे खरेच.

पुढची काही वर्षे मी दवाखान्याच्या मेजावर उभा होतो. ज्याचा पाय मुरगळे, त्याला डॉक्टर माझ्यावर बोट ठेवून समजावीत. नडगीची दोन हाडे चिमट्यासारखी घोट्याचे हाड धरतात; त्या सांध्यात पाऊल वर-खाली होते. त्याच्या खालच्या सांध्यात ते आत-बाहेर कलते, म्हणूनच खडकाळ वाटेवर माणूस पडत नाही. घोट्याच्या त्या हाडाला एकही स्नायू चिकटत नाही. सर्व भार वाहूनही ते स्वतः काही ओढत नाही. लोक माझे कौतुक करीत. कौतुकामुळे माप बरोबर ठरत नाही, हे तेव्हा माझ्याही ध्यानात आले नाही.

एकदा हरसूलच्या कुसाबाई घोटा सुजवून आल्या. पट्टी बांधून झाल्यावर डॉक्टरांनी त्यांचा दुसरा पाय ओला करून फरशीवर उमटवायला सांगितला. ठसा मध्ये अरुंद होता.

"उत्तम. ही तुमची कमान," डॉक्टरांनी मला पुढे सरकवले. "ज्यांचा ठसा सपाट उमटतो, त्यांच्या पायांत दोष असतो. लवकर थकतात."

हे विधान अर्धवट होते आणि ते अर्धवटच हरसूलला पोहोचले. कुसाबाईंच्या मुलाचा, बहिरूचा साखरपुडा दिंडोरीच्या गेणूच्या मुलीशी, मैनेशी झाला होता. सपाट पावलाची सून आली की घर बसते, म्हणजे बुडते, असा समज त्या भागात होताच; आता त्याला डॉक्टरचा दाखला मिळाला. कुसाबाईंनी दिंडोरीला जाऊन मैनेचा पाय परातीतल्या पाण्यात बुडवला आणि अंगणातील फरशीवर ठेवला. ठसा विटेसारखा भरीव उमटला. सोयरीक मोडल्याचे त्यांनी तिथेच सांगितले. साखरपुडा झालेल्या मुलीला पायाच्या दोषामुळे नाकारले, तर तिला दुसरीकडे कोण विचारणार, या काळजीने गेणू त्या दोघींना घेऊन थेट दवाखान्यात आला.

"डाक्तरसाहेब, तुमच्या एका शब्दानं माझी लेक घरी बसली. आता तुम्हीच बोला," तो म्हणाला.

"मी काय खोटं बोलते व्हय?" कुसाबाईंनी माझ्याकडे बोट केले. "ह्ये बघा. ह्याला कमान हाय, हिला नाय. तुम्हीच दावलं ना?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. मग त्यांनी खणातून पक्कड काढली आणि माझ्या तळव्याखालची तार तोडली. पाठोपाठ दुसरी. मला वेदना झाली नाही; मृत हाडांना ती होत नाही. माझी कमान मात्र खचली, हाडे मेजावर पसरली, आणि मी मैनेच्या ठशाइतकाच सपाट झालो.

"अगं बाई!" कुसाबाई मागे सरकल्या. "मोडलं की!"

"मोडलं नाही. कमान तारेची होती, तीही जास्त उंच," डॉक्टर म्हणाले. "हाडांच्या आकाराचा थोडा आधार असतो, पण जिवंत पावलात कमान तोलून धरतात ते हाडांना बांधणारे बंध आणि स्नायू. कोणाचे बंध ताठ असतात, कोणाचे सैल. सैल असणं म्हणजे दोष नव्हे. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. मैना, पाय दुखतात का?"

"नाय. दळणाचं ओझं घेऊन रोज टेकाड चढते. दुखलं असतं तर मीच आधी बोंब मारली असती."

"चवड्यांवर उभी राहा."

ती उभी राहिली. पोटरी आवळली, तिथून घोट्यामागून उतरणारी कंडरा ताणली गेली आणि तळव्याच्या आतल्या कडेखाली स्पष्ट पोकळी दिसू लागली. कुसाबाई वाकल्या. त्यांनी त्या पोकळीत दोन बोटे घालून पाहिली.

"आली की गं!"

मैना टाचा टेकून उभी राहिली.

"गेली!" कुसाबाई म्हणाल्या. "पुन्ना चढ."

मैना पुन्हा चवड्यांवर चढली. पुन्हा उतरली. पुन्हा चढली. गेणू दारातून वाकून पाहत होता.

"आणि घर बसतं त्याचं काय?" कुसाबाईंनी विचारले, पण आवाज उतरला होता.

"ते या हाडांत कुठे दिसत नाही. मी पुष्कळदा पाहिली आहेत," डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, मला पाहून स्वतःचे किंवा दुसऱ्याचे पाऊल मापू नका. मी नमुना आहे, निकष नाही. पावलाची काळजी घ्यायची तर ते काय काम करते आणि दुखते का, एवढे त्याच्या मालकाला विचारावे. उत्तर ऐकून घ्यावे.

त्या दिवशी ते ऐकले गेले. कुसाबाई कमरेवर हात ठेवून उठल्या आणि अजून चवड्यांवरच ताटकळणाऱ्या मैनेला म्हणाल्या, "उतर गं आता खाली. हळद लागायच्या आधीच पोटऱ्या दुखवून घेतेस का?"