चित्रकलेच्या सरांच्या फेऱ्या

आम्हा शिक्षकांत गणिताच्या बाई शाळेत सगळ्यात शेवटी आलेल्या, म्हणजे मुलांचा पट घसरला की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर. पडताळणीच्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब वर्गावर्गात येऊन हजर डोकी मोजतात. मुलं कमी भरली की एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याला कुठल्या तरी टोकाच्या शाळेत धाडतात. बाईंचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. मधल्या सुट्टीत पळत जायचं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना चार घास भरवायचे आणि घंटेला परत वर्गात उभं राहायचं. लांब बदली झाली तर म्हातारीला बघणार कोण?

त्यात कारखाना बंद पडला आणि लोक पुलापलीकडे राहायला जाऊ लागले. तिकडेही एक शाळा आहे, आणि आमच्या चित्रकलेच्या सरांची बायको तिथेच शिकवते. आता बोला! हे सर शाळा सुटली की सायकल काढून आठवीच्या पोरांच्या घरी जाताना दिसायला लागले. विचारलं तर म्हणायचे, सहज. सहज म्हणे! इतक्या वर्षांत या माणसाने सहज कुणाला खडूचा तुकडा दिला नाही. बायकोच्या शाळेचा पट वाढवायला हा आमची मुलं पळवतोय, असं मी बाईंना स्पष्ट सांगितलं. त्यांच्याही मनात तेच होतं, फक्त ओठांवर येत नव्हतं.

मग काय, आम्ही दोघी त्यांच्या मागावर. ते ज्या घरातून निघतील त्या घरात आम्ही शिरायचं. एका मुलीची आई भांडी घासताना हात पुसत उठली आणि म्हणाली, सर आत्ताच येऊन गेले, ते सांगत होते की... बाईंनी तिला पुढे बोलूच दिलं नाही.

"ते काय म्हणाले ते मला कळायलाही नको. सरांचा एक शब्द ऐकू नका, मुलीचं वाटोळं होईल."

बिचारीने मान डोलावली. घरोघरी आम्ही हेच सांगत फिरलो. परत येताना बाई म्हणाल्या, आज कुठे जिवाला बरं वाटतंय.

पडताळणीला सहावी भरली, सातवी भरली आणि आठवीत निम्मे बाक रिकामे. साहेब मोजून निघून गेले. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सर फाटकापाशी उभे राहून रस्त्याकडे बघत होते. माझं डोकंच फिरलं. मी तरातरा गेले आणि विचारलं, झालं का मनासारखं? सगळ्यांनी कबूल केलं होतं हो, सर म्हणाले, मग अचानक काय झालं? काय कबूल केलं होतं, हे मी विचारणार तेवढ्यात त्या मुलीची आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. बाई धावतच तिच्याकडे गेल्या. आजच्या दिवशी तरी मुलीला पाठवायचं होतं, असं म्हणाल्या.

"सर तेच विनवत होते. पडताळणी होईपर्यंत इथंच पाठवा, नाहीतर गणिताच्या बाई जातील," ती म्हणाली. "पण बाई, तुम्हीच म्हणालात ना, सरांचं ऐकू नका. म्हणून लगेच तिकडे नाव घातलं."

सरांनी मान खाली घातली. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाई सासूबाईंना भरवायला घरी निघाल्या. रोज पळत जायच्या, त्या दिवशी चालत गेल्या.