भिंगरीची मोहीम

ॲप बनवायची खाज माझी, पण खेळ दादाचा. दर रविवारी दुपारी त्याच्या जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसायचो: दादा, वहिनी, त्यांची नऊ वर्षांची भिंगरी आणि मी. दादा सूत्रधार. तो गोष्ट सांगायचा, आम्ही तिच्यातली माणसं व्हायचो, फासे टाकायचो आणि तो देईल त्या मोहिमेवर निघायचो. कोणती मोहीम कुठवर आली हे मात्र कुणाच्या लक्षात राहील तर शपथ. वहिनी तर एकाच राक्षसाला तीनदा मारून आली होती. म्हणून मी मोहिमांची नोंद ठेवणारं ॲप करायला घेतलं.

आमच्या टेबलाचे नियम जगावेगळे. मोहीम स्वीकारणारा शब्द देतो. त्या बदल्यात त्यानं काय गमवायचं, ती किंमत सूत्रधार चिठ्ठीवर लिहून झाकून ठेवतो आणि मोहीम फत्ते झाल्यावरच चिठ्ठी उघडायची. दिलेला शब्द टाकता येत नाही. फार तर दुसऱ्या खेळाडूनं तो मोहीम संपण्याआधी किमतीसकट आपल्या अंगावर घ्यायचा. हे सगळं मी ॲपमध्ये जसंच्या तसं उतरवलं. किंमत लिहायचा रकाना फक्त दादाच्या लॉगिनला उघडायचा.

मग दादा जिन्यावरून पडला. पाच आठवडे हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध होता. डॉक्टर आधी 'बघू' म्हणायचे, नंतर तेही म्हणेनासे झाले. मला घर खायला उठायचं, म्हणून मी काम करत राहिलो आणि ॲप चाचणीसाठी भिंगरीच्या हातात दिलं. मोहीम देणारा कोण, हे विचारणारा रकानाच मी ठेवला नव्हता. आमच्याकडे देणारा एकच, विचारायचं काय? त्यामुळे कुणीही मोहीम लिहावी आणि स्वतःच स्वीकारावी, असं होऊन बसलं. भिंगरीनं लिहिलं, 'बाबांना घरी आणणे.' खाली पाच पायऱ्या: बोट हलणे, डोळे उघडणे, बोलणे, चालणे, घरी येणे. आणि शब्द दिला. वाचून मी ढसाढसा रडलो.

मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिल्या पायरीवर बरोबरची खूण उमटली. पोरीचा चाळा असेल म्हटलं, पण ती शाळेत होती आणि फोन घरी. साडेअकराला वहिनीनं कळवलं की दादाचं बोट हललं. शुक्रवारी डोळे उघडले. पुढच्या आठवड्यात तो बोलायला लागला. दर वेळी आधी खूण, मग बातमी. मी भेटायला गेलो तेव्हा खोल गेलेल्या आवाजात त्यानं पहिलं काय विचारलं असेल, तर माझं ॲप या जन्मात होणार की नाही. मग भिंगरीला का आणत नाही म्हणून माझ्यावरच चिडला. लहान मुलांना तिथे आत सोडत नव्हते.

तो चार पावलं चालला त्या दिवशी मोहिमेपुढे कुलपाचं चित्र आलं. म्हणजे किंमत लिहून झाली होती. नोंदीत लॉगिन दादाचं, फोनही दादाचाच दिसत होता. तो फोन जिन्यावर फुटला होता आणि त्याचे तुकडे पिशवीत बांधून माझ्याच कपाटात पडले होते. मी पिशवी काढून पाहिली. गाठ तशीच होती. दादाला आडून आडून विचारलं, तर म्हणाला, कसली किंमत?

चिठ्ठी चोरून पाहणाऱ्याला दादा महिनाभर टेबलाजवळ फिरकू द्यायचा नाही. पण डेटाबेस माझा होता. मी उघडला. एकच ओळ होती, दादा लिहायचा तशीच तुटक: 'परत येणारा शब्द देणाऱ्याला ओळखणार नाही. कधीच.'

शब्द भिंगरीचा होता.

मोहीम पुसून टाकावी? पण तिच्याबरोबर आणखी काय काय पुसलं जाईल, हे करून बघायची माझी छाती झाली नाही. वहिनीला सांगावं, तर तिनं एका क्षणात शब्द स्वतःवर घेतला असता, आणि मग घरी येऊन दादा कुणाचा राहिला असता? दुपारभर मी स्क्रीनकडे बघत बसलो. शेवटी 'शब्द अंगावर घेतो' हे बटण दाबलं. 'नक्की?' असं ॲपनं विचारलं. तो प्रश्न मीच लिहिला होता, गंमत म्हणून. मी 'हो' म्हटलं.

शनिवारी दुपारी टॅक्सीतून सामान काढताना खिशातला फोन थरथरला. पाचवी खूण. पाठोपाठ दादा वहिनीच्या खांद्याचा आधार घेत दारातून आत गेला. भिंगरी त्याला अशी बिलगली की दोघं पडता पडता वाचले. त्यानं तिचे केस हुंगले, तिला नावानं हाक मारली, पुन्हा पुन्हा मारली. मी बॅग घेऊन दारातच उभा होतो.

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "बॅग तिथेच ठेवा," तो म्हणाला. "फार मदत झाली तुमची."

वहिनी हसली. दादाचा थट्टेखोर स्वभाव परत आला, असंच तिला वाटलं असणार. भिंगरीही खिदळली. "बाबा, काका आहे ना तो."

दादानं माझ्याकडे नीट पाहिलं, अगदी मनापासून पाहिलं. मग ओशाळून तिच्या कानाशी वाकला.

"कुणाचा काका?"