पुराचा दगड

गुडघे दुखणं हा काई गुन्हा नाई. पण सत्तावन साली माह्या गुडघ्यांनी सरकारले फसवलंच होतं म्हणा ना!

आमी ढिवर, मासे धरणारे, मार्कंड्याच्या देवळाखालतं वैनगंगेच्या काठी राह्यतो. मोठा पूर आला की पाणी जिथवर चढलं, तिथी आमचे लोक शेंदूर लावून दगड मांडते, अन् दरसाल तिथी नदीची ओटी भरते. माह्या सासऱ्यानं दगड मांडला होता टेकडावरच्या मोहाच्या झाडापाशी. दुखऱ्या गुडघ्यांनी कोण मरते दरसाल चढून! मी नवऱ्याच्या, मुखरूच्या मागं लागली, अन् त्यानं तो खाली बांधावर आणून ठेवला.

मंग जागा मोजाले दोन साहेब आले. सरकारचे पाठक साहेब, अन् दुसरा कंपनीचा. इथी अणूची वीज काढणार म्हणे. मुखरू त्यायची मोजाची पट्टी धरे. पुढं कायमची चौकीदारी भेटणार होती त्याले. पूर कुठवर येते इचारलं, तर त्यानं बांधावरचा दगड दाखवला, हलवल्याचं सांगतलं नाई.

मी पाणी घेऊन गेली तर साहेब लोक भांडून राह्यले होते.

"ही भट्टी बंद केली तरी आत धगधगत राहते," पाठक साहेब म्हणे. "पुराचं पाणी शिरलं तर सगळा काठ जाईल. अजून चौकशी हवी."

"नियम तरी कुठे झालेत अजून?" कंपनीवाला म्हणे. "आधी उभारू, मग लिहा. उशीर केलात तर प्रकल्प दुसरा जिल्हा नेईल."

"वरूनही घाईच आहे," म्हणत पाठक साहेबांनी मंजुरीवर सही कराले पेन काढला.

बिचाऱ्या मुखरूनं जलमभर डोंगा हाकलला, आता कुठी सरकारी सदरा भेटत होता. पण त्या काठावर आमचंच गाव हाय ना!

"थांबा साहेब! दगड तिथचा नाई. पाणी पार टेकडावर मोहापाशी चढलं होतं. दगड मी हलवला, एकटीनं. याले काईच मालूम नाई!"

कंपनीवाला खवळला. "एका बाईच्या शब्दावर काम अडवणार? उद्या म्हणेल, टेकडीच हलवली!"

पाठक साहेब मुखरूकडं वळले. "ही खरं बोलते का?"

मुखरूनं पट्टी खाली ठेवली. "नाई साहेब. खोटं बोलून राह्यली."

मंग त्यानं बांधावरच्या दगडाकडं बोट केलं.

"दोन मणाचा दगड हाय तो. तिले उचलते का? मीच उचलून आणला. चला वर, मोहापाशी. खरी जागा दाखवतो."