चार प्रकृतींची एक डेचकी

मी एक जुनी जर्मनची डेचकी आहे. मित्रांनो, जर्मन म्हणजे तो नकाशातला देश नव्हे. आमच्या बेळगावकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, आणि का म्हणतात हे कोणालाच माहीत नसल्यामुळे सगळे अगदी ठामपणे म्हणतात. माझ्या जन्माची गोष्ट लहान आहे. पत्र्याचा एक गोल तुकडा साच्यावर दाबला, काठ वळवला, दोन बाजूंना दोन कान ठोकले आणि झाले. खरे आयुष्य सुरू झाले ते खडेबाजारातल्या भांड्यांच्या दुकानात. तिथे मी माझ्यासारख्याच डेचक्यांच्या चवडीत मधोमध बसले होते. एक दिवस जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. त्यांनी प्रत्येकीला टिचकी मारून आवाज ऐकला आणि मला उचलले. मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. चवडीत माझ्याइतकी खणखणीत दुसरी कोणी नव्हतीच.

त्या विद्युल्लताबाई. बेळगावातल्याच शहापूर भागात राहायच्या आणि शाळेत इतिहास शिकवायच्या. त्यांच्या भावाची नोकरी बदलीची होती, म्हणून भावाची मुलगी अदिती शिकायला आत्याकडे आली आणि कायमची आत्याकडेच राहिली. दर हिवाळ्यात आत्या-भाची जांबोटीच्या डोंगरात तंबू ठोकायला जायच्या. कधी बाईंच्या शाळेतल्या शिक्षिका सोबत असायच्या, कधी अदितीच्या मैत्रिणी. तीन दगडांची चूल मांडायची, माझ्या बुडाला ओल्या मातीचा हात फिरवायचा आणि मला चढवायचे. मातीचा लेप असला की काजळी धरत नाही. अंधार पडेपर्यंत माझ्या पोटात काही ना काही रटरटत असायचे.

आता बाईंच्या विद्येकडे वळू, कारण तिच्यावाचून माझे आयुष्य इतर डेचक्यांसारखेच झाले असते. मध्ययुगात युरोपातले वैद्य असे मानत की माणसाच्या अंगात चार रस असतात. रक्त उष्ण आणि ओले, पिवळे पित्त उष्ण आणि कोरडे, कफ थंड आणि ओला, काळे पित्त थंड आणि कोरडे. रक्त जास्त झाले की माणूस आनंदी आणि बडबड्या होतो, पिवळ्या पित्ताने रागीट, कफाने संथ, काळ्या पित्ताने उदास. मग त्याला उलट गुणाचे अन्न खाऊ घालायचे, म्हणजे तो ताळ्यावर येतो. हे सगळे शास्त्राने केव्हाच मोडीत काढले आहे. बाई वर्गातही तसेच सांगायच्या. पण पुढे म्हणायच्या, "वैद्यक खोटं ठरलं, माणसं मात्र तशीच आहेत."

शाळेच्या वर्गात ही विद्या धड्यापुरती होती. डोंगरात ती जेवणात उतरायची. डबाबंद आणि पाकीटबंद खाण्याचा एकही प्रकार बाईंच्या निवाड्यातून सुटला नाही. नूडल्स म्हणजे थंड, ओला, लोळणारा कफ. चिवडा म्हणजे पिवळे पित्त, तो खाल्ला की लोक पत्त्यांवरून भांडतात. कोरडा ब्रेड काळ्या पित्ताचा, म्हणून त्याला जाम लावून धीर द्यायचा. बेळगावचा कुंदा, ती आटवलेल्या दुधाची मिठाई, म्हणजे साक्षात रक्त, उष्ण, ओला आणि दिलदार. एकदा अदितीच्या मैत्रिणीने, अबोलीने, काडीला टोचून भाजायचे ते पांढरे, मऊ मार्शमेलो आणले. बाईंनी एक दाबून पाहिला, तो परत फुगला. बराच विचार करून त्या म्हणाल्या, "कफ. आणि तोही झोपलेला." अबोलीने ती काडी तशीच धरून ठेवली, तिला तो खावा की उठवावा ते कळेना.

शेजारचे श्रीनाथ वकील एकदा सोबत आले होते. त्यांनी हरकत घेतली, "बाई, आपल्याकडे तीनच दोष आहेत. वात, पित्त, कफ. हा चौथा कुठून आणलात?" बाई म्हणाल्या, "तुमचे तीन तुम्ही सांभाळा. माझ्या अभ्यासक्रमात चार होते." वकिलांना त्यांनी पिवळ्या पित्ताचे ठरवले आणि सकाळ-संध्याकाळ काकडी खायला लावली. तिसऱ्या जेवणाला वकील खरोखरच चिडले. बाईंनी ते निदानाला पुरावा म्हणून धरले.

पद्धत अशी होती. माझ्यात सगळ्यांसाठी एकच काहीतरी शिजायचे. वाढताना बाई ज्याच्या त्याच्या ताटात फेरफार करायच्या. संथ माणसाला आले-मिरी, तापट माणसाला ताक, उदास माणसाला तूप आणि संकेश्वरी मिरचीचा ठेचा. सगळे वाढून झाले की डाव माझ्या तळाशी खरवडून जे निघेल ते बाई स्वतःच्या ताटलीत घ्यायच्या. माझी प्रकृतीही त्यांनीच ठरवली होती. आगीवर उष्ण, पाण्याने ओली, म्हणजे रक्तप्रकृती. आनंदी, धीट आणि जरा बोलकी. हे निदान मात्र शंभर टक्के बरोबर आहे. माझ्यातले जेवण जेवलेल्या प्रत्येकाने माझी तारीफ केली आहे, आणि मी ती कधी नाकारली नाही.

पण मित्रांनो, तारीफ पोटमाळ्यापर्यंत पोचत नाही. बाई निवृत्त झाल्या, अदितीला नोकरी लागली, तंबूच्या सहली थांबल्या. शिवाय जर्मनमध्ये शिजवू नये असे कोणीतरी फोनवर वाचून सांगितले. घरात स्टील आले आणि मी माळ्यावर गेले. माझ्यात जुन्या छत्र्या ठेवल्या. ज्या पोटात कधी हिरव्या वाटाण्यांची उसळ शिजली, त्यात मोडक्या काड्या घेऊन बसायचे, याचा मला फार राग आला होता. तेवढ्यापुरती मीही पिवळ्या पित्ताची झाले.

मग एका हिवाळ्यात मला खाली काढले, चिंचेने घासले आणि उन्हात ठेवले. कारण अदितीनेच सांगितले. तिला समर्थ नावाच्या मुलाशी लग्न करायचे होते. मुलगा तिच्याच बँकेत होता आणि घर जांबोटीजवळच्या खेड्यात, भातशेतीचे. अदितीच्या आईवडिलांनी निरोप पाठवला होता की आत्याने तुला वाढवले, आत्या हो म्हणाली की आमचेही हो. आणि आत्या म्हणाली होती, "त्याला डोंगरात घेऊन ये. उपाशी माणूस खोटं वागत नाही. त्याची प्रकृती बघते, मग सांगते."

म्हणजे अदितीचे लग्न माझ्या पोटातल्या जेवणावर ठरणार होते. मला जबाबदारी पेलते, पण पोरीचे हात गार पडले होते. गाडीत मी तिच्या मांडीवर होते, म्हणून मला ते कळले. बाई वाटेत कुंदा घ्यायला उतरल्या तेव्हा ती समर्थला हळूच म्हणाली, "आत्याला मध्येच बोललेलं खपत नाही. विचारलं तरच बोल, आणि एका वाक्यात."

"एका वाक्यात?" समर्थ म्हणाला. "मला शिंक बी एका वाक्यात येत न्हाय."

"लग्न करायचंय ना?"

"व्हय. बसतो गप."

आणि पोरगा खरोखरच गप बसला. समर्थच्या वडिलांच्या, भरमूअण्णांच्या, कापणी झालेल्या शेताच्या कडेला तंबू उभा राहिला. समर्थने न सांगता माझ्या बुडाला माती लावली, अगदी कानांच्या खालपर्यंत. मी त्याच क्षणी त्याच्या बाजूची झाले. बाईंनी चहा दिला आणि चौकशी सुरू केली.

"भात आवडतो की पोळी?"

"दोन्ही."

"पावसाळा की उन्हाळा?"

"दोन्ही."

"राग येतो?"

"कधी कधी."

प्रत्येक उत्तराला बाईंची मान थोडी खाली जात होती. समर्थ पाणी आणायला ओढ्यावर गेला तशा त्या अदितीला म्हणाल्या, "काळं पित्त. शब्द थंड, शब्द कोरडे. असा माणूस आतल्या आत कुढतो. तू मुळात कफाची. दोन गार माणसांच्या घरात चूल कशी पेटायची? नको गं हे लग्न."

माझ्यात नूडल्सचे पाणी उकळत होते. अदिती ते इतक्या जोरात ढवळू लागली की डाव माझ्या दोन्ही बाजूंना आपटत होता. लहानपणापासून ती रडू आवरायची तेव्हा असेच काहीतरी ढवळत बसायची.

तेवढ्यात भरमूअण्णा दुधाची चरवी घेऊन आले. लेक ओढ्यावरून पाणी आणून गुपचूप बसलेला पाहून ते जागीच थांबले. "ह्याला काय झालंय?"

बाई गंभीरपणे म्हणाल्या, "अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. मुलगा फार अबोल आहे."

"ह्यो?" अण्णांनी चरवी खाली ठेवली. "बाई, ह्याला ताप आलाय काय बघा. ह्याच्या बडबडीपायी आमी घरात रेडिओ घेतला न्हाय."

अदितीने मान खाली घालून खरे काय ते सांगून टाकले. समर्थने मोठा श्वास सोडला आणि अडवलेले पाणी सोडावे तसा बोलू लागला. शेत, बँक, गेल्या वर्षी डोंगरावर चुकलेली म्हैस, सगळे एकदम. म्हशीच्या गोष्टीला बाईंच्या तोंडावर हसू आले होते. ते त्यांनी पुसून टाकले.

"मग हा रक्तप्रकृतीचा," त्या म्हणाल्या. "म्हणजे चंचल. आज इथे, उद्या तिथे. असा माणूस टिकत नाही. नकोच हे लग्न."

"आत्ता तर कुढतोय म्हनलासा," अण्णा म्हणाले.

मित्रांनो, मीही रक्तप्रकृतीचीच, आणि माझा निवाडा याच बाईंनी केलेला. मी किती टिकले ते त्यांना ठाऊक होते. त्यांची विद्या चुकीची असेल, पण त्या ती कधी वाकवत नसत. आज पहिल्यांदाच वाकवत होत्या. निदान कोणतेही निघो, उत्तर 'नाही' असेच यायचे होते.

समर्थच्या ते लक्षात आले की सहज तोंडातून निघाले, कोण जाणे. त्याने विचारले, "बाई, सगळ्यांच्या प्रकृती झाल्या. तुमची कुठली ते सांगितलासा न्हाय."

इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. वकिलांनीही नाही. मीही कधी विचार केला नव्हता. बाई म्हणाल्या, "माझी? माझी बरी आहे." आणि सवयीने वाढायला लागल्या. समर्थला, अण्णांना, अदितीला. मग डाव माझ्या तळाशी खरखरला.

अदितीने त्यांचा हात धरला. "आत्या, थांब. मी तुझं निदान करते. समर्थचं सांगितल्यापासून तू चहा गार करून पितेस. पोळी कोरडी खातेस आणि अर्धी टाकतेस. संध्याकाळी दिवा लावायचं विसरतेस. थंड आणि कोरडं. आता तूच सांग काय झालंय ते."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या. तो स्वच्छच होता. मग वर्गात उत्तर सांगावे तशा आवाजात त्या म्हणाल्या, "काळं पित्त. बरोबर आहे तुझं." आणि चष्मा परत लावून साध्या आवाजात म्हणाल्या, "मुलगा चांगला आहे गं. पहिल्या कपातच कळलं होतं मला. तू गेलीस की मी त्या घरात कुणाशी भांडू? कुणाला वाढू? मला भीती वाटते."

समर्थसुद्धा गप बसला होता, आणि या वेळी त्याला कोणी बजावले नव्हते. अदितीने बाईंच्या हातातला डाव काढून घेतला. आपल्या ताटातल्या नूडल्स आत्याच्या ताटलीत घातल्या, वर चमचाभर तूप सोडले, संकेश्वरी ठेचा ठेवला आणि कडेला कुंद्याचा मोठा तुकडा. "उष्ण आणि ओलं," ती म्हणाली. "उदास माणसाला तूच सांगितलेलं. आणि मी समोर बसणार. सगळं संपेपर्यंत."

बाई जेवल्या. सावकाश, पण सगळे. ठेचा लागला तसे डोळ्यांतून पाणी आले आणि मग ते थांबेना. त्या म्हणाल्या, "मिरची जास्त झाली." आम्ही सगळ्यांनी मिरचीवरच विश्वास ठेवला. ताटली रिकामी झाल्यावर त्यांनी भरमूअण्णांकडे पाहिले. "अण्णा, सुपारी फोडायला शहापूरला कधी येताय?"

"येतो की," अण्णा म्हणाले. "त्यो ठेचा तेवढा त्या दिवशी नगो."

लग्न झाले. आज अदिती आणि समर्थ बेळगावातच, पण दुसऱ्या टोकाला राहतात. मला परत माळ्यावर कोणी टाकले नाही. रविवारी मी शेगडीवर असते. समर्थ बोलत असतो, बाई त्याला कोरडा ब्रेड देऊन पाहतात, गुण येत नाही. बाकीच्या दिवशी बाई एकट्या असतात. काही संध्याकाळी दिवा उशिराच लागतो. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. मग अदितीचा फोन येतो आणि ती पहिला प्रश्न विचारते तो चहाचा, गरम घेतला का?

मित्रांनो, डेचकी म्हणून मला तुमच्याकडून फार काही नको. चुलीवर ठेवण्याआधी बुडाला मातीचा हात फिरवा, आंबट फार वेळ माझ्यात ठेवू नका, आणि छत्र्यांसाठी दुसरी जागा शोधा. पण तुमच्या घरात सगळ्यांना वाढून तळाची खरवड घेणारे कोणीतरी असेल. आज जेवताना त्यांच्या हातातला डाव घ्या आणि त्यांना आधी वाढा. प्रकृती कशी आहे ते विचारा. 'बरी आहे' असे पहिले उत्तर येईल. ते ऐकून उठू नका, त्यांच्या ताटात काय उरले आहे ते बघा.