चौथ्या गाळ्यावरचा माणूस

पूल पाडायचा ठरला आणि रेल्वेच्या कचेरीला अचानक त्याचं प्रेम आलं. शंभराहून जास्त वर्षं गाड्या त्याच्या अंगावरून धडधडत गेल्या, तेव्हा कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. आता मात्र त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो हवे होते. ते काम एका फोटोवाल्याकडे आलं. माणूस साठीकडे झुकलेला, हाडकुळा, मोजकं बोलणारा. जन्मभर त्याने इमारती, पाण्याच्या टाक्या आणि कारखान्यांच्या चिमण्या यांचेच फोटो काढले होते. माणसांचे फोटो आपल्याला जमत नाहीत, माणसं हलतात, असं तो म्हणायचा. त्यावर त्याची बायको म्हणायची, मग मी काय तुमच्या फोटोत खांबासारखी उभी असते का?

ती उभी असायची, हे खरं होतं. चिमणी किती उंच आहे ते कळायला फोटोत एखादा माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे ती. हातातली पिशवी खाली ठेवून ती सांगितलेल्या जागी जाऊन उभी राहायची, तिथूनच हाताने विचारायची की अजून मागे जाऊ का. तीन वर्षांपूर्वी ती गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून त्याने सगळी कपाटं उपसली. शेकडो फोटोंत ती होती, आणि प्रत्येकात तिचा चेहरा मोहरीएवढा. शेवटी भिंत तशीच राहिली.

पुलाची माहिती कचेरीतल्या साहेबांनी चहा पिता पिता सांगितली होती. पलीकडच्या डोंगरात कोळसा सापडला म्हणून पूल बांधला. पुढे एका पुरात दोन खांबांमधला चौथा गाळा वाहून गेला, तिथे नवा बसवला. म्हणून तो बाकीच्यांसारखा कमानीचा नाही, सरळ आहे. कोळसा संपून कैक वर्षं झाली होती. गेल्या महिन्यात शेवटची गाडी गेली होती आणि रुळांवर आत्ताच तांबूस गंज चढला होता.

दोन दिवस त्याने नदीच्या काठाकाठाने फिरून फोटो काढले. सगळे नीट आले आणि एकही मनाला पटेना. पूल केवढा आहे तेच कळत नव्हतं. खेळण्यातला म्हटला असता तरी खपला असता. तिसऱ्या दिवशी त्याचं लक्ष चढावरच्या एका घराकडे गेलं. रेल्वेच्या जुन्या वसाहतीतली ती शेवटची खोली. बाकीच्या खोल्यांची दारंसुद्धा लोकांनी काढून नेली होती. त्या घराच्या खिडकीतून अख्खा पूल दिसत असणार.

दार एका म्हातारीने उघडलं. खिडकीतून फोटो काढू का, असं त्याने विचारलं. तिने आधी त्याच्या बुटांकडे बघितलं, ते काढायला लावले, आणि मग आत घेतलं. खिडकीशी एक लाकडी खुर्ची होती. खुर्चीचे हात झिजून गुळगुळीत झाले होते. ती हलवावी लागेल म्हटल्यावर म्हातारी जराशी थबकली, मग स्वतःच तिने ती सरकवली.

तिचा नवरा पुलाचा रंगारी होता. एका टोकापासून रंगवत निघायचं, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचे पोपडे निघालेले असायचे, की पुन्हा सुरुवात. अशी त्यांची टोळी पुलावरच म्हातारी झाली. चौथ्या गाळ्याला ते सावत्र म्हणायचे, कारण त्याच्यावर रंग धरत नसे. तो बसवताना साखळी तुटून तीन माणसं नदीत गेली होती; पुलावरच्या दगडी पाटीवर मात्र साहेबांचीच नावं आहेत. रंगारी तिथे पोचले की नवा डबा उघडताना तिघांच्या नावाने थोडा रंग खाली पाण्यात सोडायचे. हे साहेबांनी सांगितलं नव्हतं, त्यांना ठाऊकही नसावं.

“एवढ्या लांबून तुमचे मालक ओळखू यायचे का, मावशी?” त्याने विचारलं.

“न यायला काय झालं? तो एका पायावर भार टाकून उभा राहायचा. बगळाच म्हणायचे त्याला सगळे. मी इथे बसून भाजी निवडायची, तो तिकडे रंगवायचा. दिवसभर आम्ही बरोबरच असायचो म्हणा ना.”

मग रंगाऱ्यांची टोळी मोडली आणि तो घरी बसला. याच खोलीत, समोरासमोर. काय बोलायचं ते दोघांनाही कळेना. तो दिवसभर खिडकीतून पुलाकडे बघायचा आणि ती त्याच्या पाठीकडे. दोन वर्षांत तो गेला. हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. पुलावर होता तेव्हा तो जास्त जवळ होता, एवढं म्हणून ती भांडी आवरायला उठली.

फोटोवाला कॅमेरा लावत होता. ती मोरीपाशी उभी राहून म्हणाली, “तुम्हाला पुलावर जायची परवानगी आहे ना? मग जा की. सावत्रावर जाऊन उभे राहा. मला एकदा तिथे माणूस बघायचाय.”

त्याने तिला बटण कुठे दाबायचं ते दाखवलं. मी तिथे पोचून हात वर केला की दाबा, म्हणाला. बूट घालताना त्याला उगीचच धास्ती वाटली. फोटोत उभं राहण्याची त्याला सवय नव्हती.

पुलावर वारा चांगलाच होता. रुळांखालच्या स्लीपरांच्या फटींतून खाली संथ, मातकट पाणी दिसत होतं. मधेमधे कठड्याबाहेर काढलेले लोखंडी सज्जे होते, गाडी आली तर एका माणसाला अंग चोरून उभं राहता येईल एवढे. चौथ्या गाळ्यावर तो थांबला आणि घराकडे वळला. घर दिसलं, खिडकीही दिसली, पण ती नुसती काळी चौकट होती. आत खुर्ची आहे, म्हातारी आहे, की कुणीच नाही, काही कळत नव्हतं. त्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं. तरी काळी चौकटच. आपण चिमणीखाली बायकोला उभं करायचो तेव्हा तिलाही आपण असेच, कॅमेऱ्यामागचा काळा ठिपका दिसत असू, हे त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं. त्याने हात वर केला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

तो परत आला तेव्हा ती दारातच उभी होती. “मी दिसले का?” तिने विचारलं.

“दिसलात की,” तो म्हणाला.

कचेरीला त्याने बाकीचे फोटो दिले. खिडकीतून काढलेला फोटो बघून साहेब म्हणाले, छान आहे, पण मधे हा माणूस कशाला? त्याने वाद घातला नाही. तो फोटो त्याने मोठा करून घेतला आणि पुढच्या आठवड्यात म्हातारीकडे नेऊन दिला. तिने चष्मा लावला, फोटो उजेडाकडे धरला आणि एका बोटाने चौथा गाळा शोधला.

“हे तुम्ही,” ती म्हणाली. “बगळा नाही हा. तुम्ही डावा खांदा पाडून उभे राहता.”

“कॅमेऱ्याची पिशवी. सवयच लागली आहे.”

“हं.” तिने फोटो मांडीवर ठेवला. “आणि मी काही तुम्हाला दिसले नव्हते.”

त्याने डावा खांदा उगीचच सरळ केला.

“तोसुद्धा असाच पटकन म्हणायचा,” ती म्हणाली. “दिसलीस की. एकदा मी दोन दिवस बहिणीकडे गेले होते. तेव्हासुद्धा दिसले होते म्हणे.”

ती हसली, म्हणून तोही हसला. बाहेर पुलाच्या पलीकडच्या टोकाला क्रेन उभी करायचं काम चाललं होतं, चार-पाच माणसं रुळांवर इकडून तिकडे जात होती. ती कोण आहेत हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं, तरी दोघं बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. तिने दुसरी खुर्ची खिडकीशी ओढून घ्यायला सांगितलं. त्याने ती घेतली. तिथून पूल अर्धाच दिसत होता, पण त्याने तसं काही म्हटलं नाही.